पोत्याचा तळ : भोन ते पवनी, पाच दिवस

गेल्या दिवाळीत भाचीच्या सासरी भरुचला गेलो होतो. पाहुणचार आटोपल्यावर नर्मदेकाठी जाऊन उभा राहिलो. ओहोटीची वेळ होती. समोर इंग्रजांच्या काळातला लोखंडी गोल्डन ब्रिज, खाली नजर जाईल तिथवर चिखल. शाळेत सव्वीस वर्षं मी हे गाव शिकवलं. भृगुकच्छ, ग्रीकांचं बारिगाझा, प्राचीन भारताचं मोठं बंदर, अधोरेखित करा, परीक्षेला येतं. आणि मी स्वतः पहिल्यांदा पाहिलं ते निवृत्तीनंतर, तेही चिखलासकट.

घरी आल्यावर 'पेरिप्लस'ची जुनी झेरॉक्स शोधून काढली. इसवी सनाच्या पहिल्या शतकात कुणा ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेली ही तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानापर्यंतच्या बंदरांची माहिती. त्यात बारिगाझाबद्दल सविस्तर आहे. पैठण तिथून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर, आणि तगर, म्हणजे आपलं तेर, पैठणच्या पूर्वेला आणखी दहा दिवस. पैठणहून अकीकासारखे दगड येतात, तेरहून साधं कापड आणि मलमल, सगळं गाड्यांवर लादून, वाट धड नसलेल्या मुलखातून. तेरच्या पूर्वेला काय, यावर तो गप्प. विदर्भाचं नावच नाही.

म्हटलं, माल जिथून बाहेर पडायचा ते पोत्याचं तोंड भरुचला पाहिलं, आता तळ, म्हणजे आपला विदर्भ, पाहून येऊ.

सोबतीला आमचे साळे, बाळू. खामगावच्या बाजारात एका अडत्याकडे मुनीम आहेत. इतिहासाशी त्यांचं सख्य नाही, पण गाडी त्यांची आणि हिशेब पक्का. "भाऊजी, जुने दगड पाहाले इतक्या दूर जायाचं?" एवढं एकदाच विचारलं, आणि डिसेंबरातल्या एका पहाटे कानटोपी घालून दारात उभे राहिले.

पहिला दिवस : भोन

खामगावहून शेगाव आणि पुढे संग्रामपूर तालुक्यातलं भोन. कापसाचा दुसरा वेचा चालू होता. शेतात बायांच्या कमरेला ओटे, बांधावर पांढरे ढीग. बाळूचं लक्ष ढिगांकडे. "ओलावा आहे अजून," गाडी चालवता चालवता त्यांचा निकाल.

भोन पूर्णेच्या काठावर. डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी इथे या शतकाच्या सुरुवातीला खोदकाम केलं तेव्हा विटांचा स्तूप सापडला, विटांनी बांधलेला पाटासारखा कालवा सापडला, आणि भाजलेल्या मातीची कडी एकावर एक रचून केलेल्या विहिरी. आता वर पाहायला फारसं काही नाही. पांढरीची माती, खापराचे तुकडे, बाभळी. विहिरींची गोष्ट मात्र डोक्यात राहिली, कारण हा सगळा खारपाणपट्टा. इथल्या माणसाला गोड्या पाण्याची किंमत कुणी शिकवायला नको. खोल गेलं की खारं लागतं. वरचं पाणी धरून ठेवायला त्या काळच्या लोकांनी ही कडी उतरवली असावीत अशी माझी अटकळ.

टेकाडावर शेळ्या राखणाऱ्या एका म्हाताऱ्याने विचारलं, "धरणाचे साहेब का?" जिगाव प्रकल्पाच्या बुडिताची भीती या भागात घराघरात आहे आणि भोनचं हे टेकाड त्याच पाण्याच्या वाटेवर आहे. नाही म्हटल्यावर तो मोकळा झाला. मी त्याला विचारलं, पूर्णेचं पाणी कुठे जातं? "खाले," तो म्हणाला. बरोबरच होतं. पण हे 'खाली' पश्चिमेला आहे. पूर्णा तापीला मिळते, तापी सुरतेजवळ समुद्राला, आणि सुरतेच्या किंचित वर भरुच. विदर्भातल्या बाकीच्या मोठ्या नद्या पाठ फिरवून पूर्वेला जातात. ही एकटी मावळतीला. वऱ्हाडातून बंदराकडे निघालेल्या माणसाला वाट विचारायची गरज नव्हती, नदीच्या कडेकडेने जायचं.

१८७० साली इंग्रजांनी जलंब ते खामगाव हा रेल्वेचा फाटा टाकला तो याच हिशेबाने. व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आला होता उद्घाटनाला. खामगावचा कापूस मुंबईच्या गोदीवर लवकर पोचावा, एवढंच कारण. बाळूला हे माहीत होतं, त्यांच्या अडत्याच्या भिंतीवर त्या काळचा एक फोटो आहे म्हणे.

दुसरा दिवस : रस्ता

या दिवसाबद्दल लिहिण्यासारखं थोडं. अकोला, मूर्तिजापूर, अमरावती. बडनेऱ्याच्या अलीकडे पंक्चर, तिथे दीड तास. ज्याने दुरुस्त केलं त्याने ट्यूब बदलावी लागेल म्हणून नवीन ट्यूबचे पैसे घेतले आणि जुनीलाच ठिगळ लावून दिलं, हे संध्याकाळी नागपुरात कळलं. बाळू आयुष्यभर काटा-मापाच्या धंद्यात, त्यांना कुणी फसवावं याचं मला मनातून बरं वाटलं.

अमरावतीत चहा घेताना त्यांना सांगितलं, लिव्हरपूलच्या बाजारात आपल्या कापसाला 'ऊमरा' म्हणत, उमरावतीवरून. ते खूश झाले. "म्हणजे नाव तरी आपलं गेलं."

तिवस्याहून आत वळून कौंडण्यपूर केलं. वर्धा नदी, रुक्मिणीचं माहेर, १५९४ पासून पंढरपूरला जाणारी पालखी. १९६०च्या दशकात मो. गं. दीक्षितांनी इथे उत्खनन केलं. घाटावर बसून भाकरी-ठेचा खाल्ला. रुक्मिणीहरणाची कथा ऐकताना मला नेहमी वाटतं, द्वारकेचा माणूस इथवर आला तो कुठल्या वाटेने? कथा खरी की खोटी हा भाग वेगळा, पण ती रचणाऱ्याला विदर्भ आणि पश्चिम समुद्राकाठची द्वारका यांच्यात ये-जा असते हे माहीत होतं.

रात्री नागपुरात मावसभावाकडे.

तिसरा दिवस : माहुरझरी

नागपूरहून काटोल रस्त्याला लागलो. वाटेत जुनापाणी, तिथली शिळावर्तुळं. रिव्हेट-कार्नेक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८६७ च्या सुमारास ही उकरून पाहिली होती. मोठ्या दगडांची कडी, मधे माती भरलेली, त्याखाली माणसं पुरलेली. आम्ही थांबलो, पण मला ओढ माहुरझरीची होती.

तिथे पोचलो तर एक साधं खेडं. शाळा, पाण्याची टाकी, तुरीची शेतं. आणि या शेतांत मणी. पाऊस पडून गेला की नांगरटीत वर येतात. गावातल्या एका आजीबाईंनी सांगितलं, त्यांच्या लहानपणी पोरं पावसाळ्यात मणी वेचत आणि तान्ह्या लेकराच्या मनगटाला काळ्या दोऱ्यात ओवून बांधत, दृष्ट लागू नये म्हणून. "आता सरकारचे लोक येतात, घेऊ नका म्हणतात. घेत नाही. पण दिसते तर दिसते."

डॉ. शां. भा. देव यांनी इथे १९७०च्या दशकात खोदकाम केलं. शिळावर्तुळांत घोडे पुरलेले सापडले, त्यांच्या तोंडावर तांब्याचे दागिने. पुढच्या काळातल्या वस्तीत मण्यांचा कारखानाच होता. अकीक, लाल अकीक, स्फटिक, गार्नेट. तयार मणी सापडले आणि अर्धवट, मोडलेले, भोक पाडताना फुटलेलेही सापडले. हे फुटलेलेच महत्त्वाचे. तयार मणी कुठूनही येऊ शकतो, फुटलेला मणी जिथे बनतो तिथेच टाकला जातो.

हा कारखाना इथेच का, हे शेताच्या बांधावर उभं राहून कळलं. पश्चिमेकडून आलेला काळा कातळ, तो साऱ्या महाराष्ट्रावर पसरलेला लाव्हा, नागपूरच्या आसपास संपतो. त्याच्या पोकळ्यांत अकीक तयार होतो. आणि इथून पूर्वेला जुना, स्फटिकी खडक सुरू होतो, त्यात गार, गार्नेट. दोन जमिनींच्या शिवेवर बसलेला कारागीर. एका हाताला एक माल, दुसऱ्या हाताला दुसरा.

बाळूला मी मणी कसा बनतो ते सांगत होतो. काळपट-निळसर गोटा उन्हात वाळवायचा, मग मडक्यात राखेत घालून मंद आचेवर भाजायचा. दगडातलं लोह लाल होतं आणि गोटा आतून पेटल्यासारखा दिसतो. मग लोखंडी सळईच्या टोकावर टेकवून हळू ठोकत छिलके काढायचे, घासायचा, आणि शेवटी धनुष्यासारख्या कमानीने फिरणाऱ्या गिरमिटाने भोक. गिरमिटाच्या टोकाला हिऱ्याची कणी. गुजरातेत खंबायतेला आजही अशीच तऱ्हा आहे, फक्त भोक पाडायला वीज आली.

"पण खंबायत-भरुचकडे हा दगड नाही काय?" बाळूचा प्रश्न.

आहे. भरुचजवळच रतनपूरला अकीकाच्या जुन्या खाणी आहेत. हा प्रश्न मला सव्वीस वर्षांत एकाही पोराने विचारला नव्हता, आणि मलाही सुचला नव्हता.

"मग इथून कायले नेलं असंल?" थोडा वेळ थांबून त्यांनीच उत्तर दिलं. "गिऱ्हाईक मोठं असलं की दारचा माल पुरत नाही, भाऊजी. खामगावच्या जिनाले एकट्या खामगावचा कापूस पुरते काय? खेडा खरेदीले माणसं पाठवाच लागतात."

खेडा खरेदी. पेरिप्लसच्या त्या दोन ओळींवर मी इतक्या जणांची टिपणं वाचली, पण हा शब्द कुणाला सुचला नाही.

मग आम्ही तिथेच तुरीच्या सावलीत हिशेब मांडला. भरुच ते पैठण वीस दिवस म्हणजे बैलगाडी दिवसाला सहा-सात कोस चालते. त्या मानाने इथून भरुच महिना-सव्वा महिना. बैलाचं वैरण, गाडीवानाची भाकरी, वाटेतले जकातनाके, चोरांचं भय. बाळू बोटांवर मोजत राहिले आणि म्हणाले, ज्वारी न्यायची तर बैलच ती वाटेत खाऊन टाकतील. कापूस नेला तर गाडीभर कापसाला भाव किती येणार? कापड नेलं तर परवडेल. मणी नेले तर एका माणसाच्या कमरेच्या कसणीत गाडीभर मालाची किंमत मावते. "लहान, जड नाही, नासत नाही, भाव चढता. मी मुनीम असतो तं मणीच पाठवले असते." या हिशेबाला पुरावा नाही, पण शेतातले फुटके मणी त्याच्या बाजूने आहेत.

त्या बदल्यात भरुचला काय यायचं तेही वाचून दाखवलं. इटलीची दारू, तांबं, कथील, शिसं, पोवळं, काच, सोन्या-चांदीची नाणी. राजासाठी खास चांदीची भांडी, गाणारी पोरं, जनानखान्यासाठी मुली. बाळूने मान हलवली. "माणसंपण मालातच मोजत व्हते तं."

परत येताना आजीबाईंनी शेतातल्या हिरव्या तुरीच्या शेंगा मूठमूठ दिल्या. मणी आम्ही उचलला नाही. एक दिसला मात्र, चाकाच्या चाकोरीत, ज्वारीच्या दाण्याएवढा, तांबडा. पायाने माती लोटून झाकला.

चौथा दिवस : अडम आणि सातरे

उमरेड रस्ता सोडून कुही तालुक्यात. अडमला जायची वाट विचारली तर प्रत्येकाने वेगळी सांगितली. शेवटी एक ट्रॅक्टरवाला पुढे झाला आणि आम्ही त्याच्या धुरळ्यामागे.

अडम हे एकेकाळचं तटबंदीचं शहर. मातीचा तट, भोवती खंदक. आज तो तट म्हणजे गवताने झाकलेला लांबट उंचवटा, वर शेळ्या. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने १९८८ ते १९९२ या काळात अमरेंद्र नाथ यांच्या देखरेखीखाली इथे खणलं. अगदी आदिम वस्तीपासून सातवाहनांपर्यंतचे थर एकावर एक. नाणी सापडली. आणि एक मातीची मुद्रा, तिच्यावर ब्राह्मी अक्षरं: 'असक जनपदस'. अश्मक जनपदाची, म्हणजे अश्मक नावाच्या प्राचीन राज्याची. सोळा महाजनपदांत दक्षिणेतलं हे एकच, आणि सगळी पुस्तकं ते गोदावरीकाठी दाखवतात. मुद्रेचा छाप वैनगंगेच्या खोऱ्यात.

छाप सापडला म्हणजे अश्मक इथे होतं असं नाही, हे मी बाळूला समजावत होतो. असा छाप गाठोड्याच्या नाहीतर पत्राच्या दोरीवर ओल्या मातीत उठवतात, आणि तो मालाबरोबर दूर जातो.

"मार्का," बाळू म्हणाले. "आमच्या गठाणीवर मारतो तसा. गठाण मुंबईत सोडली तं मार्का मुंबईत सापडंल. त्याच्यावरून कोणी म्हणंल का, खामगाव मुंबईत होतं?"

तटावर बसून संत्री खाल्ली. तिथे एकही पाटी आम्हाला दिसली नाही. ट्रॅक्टरवाला म्हणाला, लहानपणी ते इथे पैसे शोधायला येत. पैसे म्हणजे सातवाहनांची शिशा-तांब्याच्या मिश्रणाची नाणी. "दुकानदार घेत नव्हता," तो हसत म्हणाला.

पुढे मांढळ. १९७०च्या दशकात नागपूर विद्यापीठाच्या अजय मित्र शास्त्रींनी इथे वाकाटकांच्या काळातली शैव शिल्पं बाहेर काढली. गावाबाहेर आलो तर रस्त्याच्या कडेला जमीनच लाल झालेली. मिरचीचे सातरे. कित्येक एकरांवर मिरची वाळत घातलेली, आणि ओळीने बसलेल्या बाया देठ खुडताहेत. डोक्याला, नाकाला पदर घट्ट गुंडाळलेला. आम्ही गाडीवरून उतरलो नाही तोच दोघांना शिंकांचा सपाटा. बायांची करमणूक झाली. हात झोंबत नाहीत का, विचारल्यावर एक म्हणाली, "झोंबते जी. रात्री लेकराले हात लावता येत नाही." मजुरी किलोच्या हिशेबाने. हा माल कुठे जातो हे तिला माहीत नव्हतं. भिवापुरी मिरचीला आता भौगोलिक मानांकन मिळालंय हेही नाही. मण्याला भोक पाडणाऱ्या माहुरझरीच्या माणसाला बारिगाझा कुठे ते माहीत होतं का, हा प्रश्न मला तिथे पडला, पण शिंका आवरत नव्हत्या.

मुक्काम भिवापुरात. लॉजच्या गाद्यांना वास येत होता, त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

पाचवा दिवस : पवनी

सकाळी धुकं. पवनी रोड स्टेशनच्या बाजूने गेलो. नागपूर-नागभीड ही नॅरोगेज २०१९ साली रुंदीकरणासाठी बंद झाली, तेव्हापासून त्या जुन्या गाडीच्या आठवणी या भागात घरोघर निघतात.

पवनीत शिरताना जुना तट आणि दरवाजा लागतो. एका अंगाला वैनगंगा, बाकी तट आणि खंदक. आत देवळांची गर्दी, विदर्भाची काशी म्हणतात ती उगाच नव्हे. पण या देवळांच्या कितीतरी आधीची पवनी बौद्धांची होती. १९६९-७० मध्ये शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांनी जगन्नाथ टेकडी उकरली तेव्हा आत प्रचंड स्तूप निघाला, व्यासाने सांचीच्या मोठ्या स्तूपाहूनही जास्त. कठड्याच्या खांबांवर दान देणाऱ्यांची नावं ब्राह्मीत कोरलेली. बुद्धावर फणा धरणारा मुचलिंद नाग कोरलाय, आणि खाली त्याचं नाव, जणू ओळख करून दिल्यासारखं. एवढा स्तूप भातशेतीच्या शिलकीतून उभा राहिला असेल असं मला वाटत नाही. इथे पैसा थांबत होता, म्हणजे वाट थांबत होती.

याच पवनीत एक स्मारकस्तंभ मिळाला, महाक्षत्रप कुमार रूपिअम्म याच्या नावाचा. क्षत्रप ही पश्चिमेकडच्या शकांची पदवी. ज्यांच्या ताब्यात भरुच होतं, ज्यांची माणसं नावा घेऊन उथळ पाण्यात पुढे जात आणि परदेशी गलबतांना वाट दाखवत नर्मदेत आणत, त्या शकांपैकी कुणी एक वैनगंगेकाठी दगडावर नाव ठेवून गेला. गौतमीपुत्र सातकर्णीला नाशिकच्या लेखात 'बेणाकटकस्वामी' म्हटलंय. ते बेणाकटक म्हणजे हाच वैनगंगेचा काठ, असं महामहोपाध्याय मिराशींचं मत. शक इथे, सातवाहन इथे. दोघांना इथलं काय हवं होतं, यावर बाळूचं एका शब्दात उत्तर: "नाका."

घाटावर उतरलो. वरच्या अंगाला गोसेखुर्द धरण, तेहतीस दरवाज्यांचं. ते उघडले की पवनीच्या पोटात गोळा येतो. आज मात्र नदी शांत. एक ढिवर डोंग्यात उभा राहून जाळं आवरत होता. बाळूने त्याला विचारलं, डोंगा किती दूर जातो?

"जाईल तेवढा जी. पुढं दगड लागते."

हे दगड म्हणजे एक मोठी गोष्ट आहे. वैनगंगा खाली चपराळ्याला वर्धेला मिळते, तिथून प्राणहिता, मग सिरोंच्याजवळ गोदावरी, मग पूर्व समुद्र. एकोणिसाव्या शतकात सर आर्थर कॉटन आणि त्यांच्या इंजिनियरांनी ठरवलं, नागपूर-वऱ्हाडचा कापूस बैलगाडीने मुंबईला कशाला, बोटीने गोदावरीतून काकीनाड्याला न्यावा. पाण्यात तीन ठिकाणी खडकांचे अडसर होते, त्यांतला एक प्राणहितेवर. धरणं, कालवे, लाखो रुपये. तोवर मुंबईहून रेल्वे नागपूरला पोचली, आणि १८७१ मध्ये हा सगळा खटाटोप सोडून दिला. ते जमलं असतं तर आमचं बंदर पूर्वेला असतं आणि पवनीच्या घाटावर हमालांची आरडाओरड असती. मी हे रंगवून सांगत होतो. ढिवराने ऐकून घेतलं आणि जाळ्यातली मासळी टोपल्यात झटकली.

बाळू बराच वेळ नदीकडे पाहत होते. "म्हणजे आपली पूर्णा तिकडं, ही इकडं. पाणी दोन समुद्राले, आन् समुद्र आपल्याले एकही नाही."

जगन्नाथ टेकडीकडे जाताना वाट चुकलो. एका पोराला विचारलं. त्याने आमच्या कानटोप्या, गाडीचा बुलढाण्याचा नंबर, सगळं न्याहाळलं आणि विचारलं, "समुद्र पाहाले आले का जी?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं.

"तो काय, समोर." त्याने बोट केलं तिकडे तळं होतं. बालसमुद्र, असंच नाव आहे त्याचं. पाण्यावर शिंगाड्यांचे वेल पसरलेले, कडेला दोन बाया उकडलेल्या शिंगाड्यांची पाटी घेऊन बसलेल्या. बाळूने गाडी लावली, उतरून भाव विचारला आणि घासाघीस सुरू केली. अर्धा किलोवर ती बाई अडली, ते पाव किलो जास्तीचं मागत होते. शेवटी तिने तराजू बाजूला ठेवला आणि दोन मुठी वर टाकल्या. डिकीत जागा नव्हती, म्हणून पिशवी मी मांडीवर घेतली. खामगावपर्यंत तीच धरून बसलो.